चटईबाहेरचे घर

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण ज्या काळी रूढ झाली, त्या काळी घर बांधणारा आणि त्यात राहणारा बहुधा एकच असे. लाकूड कोणते घ्यावयाचे, ओसरी किती खणांची ठेवावयाची, परसात विहीर कोठे खणावयाची, हे घरातली वडीलधारी माणसे ठरवीत. आज शहरात घर बांधून पाहणारे थोडे. बांधलेले घर पाहून विकत घेणारेच पुष्कळ. त्यामुळे घर आणि कुटुंब यांच्यामध्ये एक तिसरी व्यक्ती येऊन उभी राहिली आहे. तिला कोणी दलाल म्हणतात, कोणी एजंट म्हणतात. या व्यवसायाविषयी लोकांचे मत फारसे चांगले नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही ज्याने शेकडो घरांच्या किल्ल्या हाताळल्या, त्याला घरांविषयी काही सांगण्याजोगे सापडलेले असते. ते घर घेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांच्या उपयोगी पडावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे.

माझे बालपण गिरगावातील एका चाळीत गेले. यजमान हवाई दलात असल्यामुळे लग्नानंतर दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड हलवावे लागले. सरकारी घरात भिंतीला खिळा ठोकण्यापूर्वीही विचार करावा लागतो. परंतु घर पाहताक्षणी त्यात दिवस कसे जातील हे ओळखण्याची सवय त्या भटकंतीनेच लावली. यजमानांची अखेरची बदली चंदीगडला झाली. निवृत्तीनंतर आम्ही येथेच राहिलो आणि ओळखीच्या चार कुटुंबांना घर शोधून देता देता हा माझा व्यवसाय होऊन बसला. माझी लहानशी कचेरी आज एअरोसिटीत आहे.

एअरोसिटी हे नाव ऐकून दिल्लीच्या विमानतळाजवळील हॉटेलांची वसाहत डोळ्यांसमोर येण्याचा संभव आहे. आमची एअरोसिटी निराळी. ती चंदीगडला लागून पंजाबच्या मोहाली जिल्ह्यात, विमानतळाकडे जाणाऱ्या रुंद रस्त्यालगत वसली आहे. मोहाली परिसराच्या विकासासाठी २००६ साली स्थापन झालेल्या 'गमाडा' या प्राधिकरणाने ती आखली. चंदीगड विमानतळाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन सप्टेंबर २०१५ मध्ये झाले आणि २०२२ मध्ये त्या विमानतळाला शहीद भगतसिंह यांचे नाव देण्यात आले. जेथे पूर्वी गव्हाची शेते होती, तेथे आज इंग्रजी अक्षरांची नावे घेतलेले विभाग आहेत आणि शंभरापासून पाचशे चौरस वारांपर्यंतच्या भूखंडांवर 'कोठ्या' उभ्या राहत आहेत. कोठी म्हणजे स्वतःच्या जमिनीवरचे स्वतंत्र घर. तळमजल्यावर मालक आणि वर भाडेकरू, किंवा एका मजल्यावर एक भाऊ आणि दुसऱ्यावर दुसरा, अशी राहण्याची रीत येथे सर्रास दिसते.

या कोठ्यांची हौस पाहण्यासारखी असते. दोन मजले उंचीचा दिवाणखाना, संगमरवरी जिना, दगडाने मढविलेला दर्शनी भाग, रात्री भिंतीवर खालून पडणारा प्रकाश आणि पुढे लोखंडी पत्र्याचे भरीव, उंच फाटक. मालक परदेशात असला तर घर अधिकच सजते. जालंधरच्या बाजूच्या खेड्यांत परदेशी गेलेल्या मुलांनी आपल्या घराच्या गच्चीवर पाण्याची टाकी विमानाच्या आकाराची बांधून घेतलेली दिसते. तिला हसू नये. ज्या घरातली माणसे दूर गेली, त्या घराने ती कोठे गेली हे गावाला सांगण्याची ती एक रीत आहे.

गिऱ्हाईक आले की पहिला प्रश्न येतो तो क्षेत्रफळाचा. पंजाबात जमीन मरला आणि कनाल यांत मोजतात. वीस मरल्यांचा एक कनाल होतो आणि चंदीगडकडे एक कनाल म्हणजे पाचशे चौरस वार समजतात. महाराष्ट्रात मात्र आपण सदनिकेसाठी 'चटई क्षेत्र' असा सुंदर शब्द वापरतो. जेथे चटई अंथरता येईल तेवढी जागा आपली, हा त्यातला सरळ अर्थ. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने या मापाची व्याख्या निश्चित केली. आतल्या खोल्यांमधल्या भिंती त्यात धरतात. बाहेरच्या भिंती, घराची बाल्कनी, व्हरांडा आणि उघडी गच्ची मात्र धरीत नाहीत. गिऱ्हाइकाच्या संरक्षणासाठी ही व्याख्या अत्यंत आवश्यक होती. त्यापूर्वी जिन्याचा आणि वाटेचा वाटा मिळवून क्षेत्रफळ फुगविण्याची चाल सर्वत्र बोकाळली होती.

परंतु एका दृष्टीने ही व्याख्या मला विचारात पाडते. व्हरांडा, गच्ची, फाटकाजवळची पायरी, समोरचा रस्ता आणि त्यापलीकडची बाग, या साऱ्या जागा चटईच्या बाहेर राहतात. शेजार जुळतो तो मात्र याच जागांत. माझी दलाली किमतीवर ठरते आणि किंमत क्षेत्रफळावर. तेव्हा चटईबाहेरच्या जागेकडे गिऱ्हाइकाचे लक्ष वेधण्यात व्यवसाय म्हणून मला काही लाभ नाही. म्हणूनच ते काम कोणी करीत नाही आणि कुटुंबांना ते स्वतःच करावे लागते.

चंदीगड हे शहर या बाबतीत शिकण्यासारखे आहे. फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेल्यावर पंजाबला नवी राजधानी हवी होती. ल कॉर्ब्युझिए यांनी शहराचा आराखडा केला. त्यांचे चुलतभाऊ पिएर झानरे आणि मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू हे इंग्रज दांपत्य यांनी घरांचे बरेचसे काम पाहिले. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते या राजधानीचे उद्घाटन झाले. शहराचे सेक्टर पाडताना प्रत्येकी सुमारे आठशे मीटर रुंद आणि बाराशे मीटर लांब असे माप धरले. वेगाची वाहने सेक्टरच्या बाहेरून जावीत, घरांची दारे त्या रस्त्यांवर उघडू नयेत, आणि शाळा, दुकाने व हिरवा पट्टा आतच चालत जाण्याच्या अंतरावर असावीत, अशी ती योजना होती. म्हणजे सेक्टर हे बाहेरच्या जगाकडे पाठ करून बसलेले एक मोठे अंगणच होते.

सरकारी घरांच्या प्रारंभी तेरा श्रेणी होत्या. वरच्या टोकाला मुख्यमंत्री आणि खालच्या टोकाला शिपाई. शिपायाच्या घरालाही दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर, शौचकूप आणि अंगण मिळाले, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. सिमेंट महाग होते म्हणून भिंती विटांच्या केल्या आणि विटांच्याच जाळ्या गुंफून ऊन गाळून घेतले. उन्हाळ्यात गच्चीवर झोपण्याची लोकांची सवय ध्यानात घेऊन गच्च्यांना आडोसा दिला. सेक्टर २२ मधील जुन्या रांगांतून आजही फिरले की जाळीआडून येणारे रेडिओचे सूर आणि फोडणीचा वास ओळखू येतो. लहान भूखंडांवरील खासगी घरांच्या दर्शनी चौकटीवरही नियमांचे बंधन होते, त्यामुळे रांगेतले एखादे घर दुसऱ्यावर कुरघोडी करीत नसे.

या घरांत मला माझी चाळ आठवते. आमच्या खोलीपुढून जी लांब गॅलरी जात असे, ती कोणाच्याच भाडेचिठ्ठीत नव्हती. पण आमचा अभ्यास, पापड वाळविणे, भांडणे आणि समेट तेथेच झाले. पुण्याच्या वाड्यातील ओसरीचे आणि कोकणातील पडवीचेही असेच. पंजाबच्या खेड्यांत बायका मळलेली कणीक घेऊन सामाईक तंदूरीवर जमत. त्याला 'सांझा चूल्हा' म्हणतात. भाकरी घरची, विस्तव सगळ्यांचा. प्रांत निराळा, भाषा निराळी. परंतु घराच्या आतले आणि बाहेरचे यांच्या मधली एक जागा दोन्हीकडच्या लोकांनी जपून ठेवली होती.

या आठवणी सांगताना चाळीचे नुसते गोडवे गाणे मात्र मला पटत नाही. सामाईक नळावरची पहाटेची रांग, आजारी माणसाला रात्री शौचकूपापर्यंत नेताना होणारे हाल, नव्या सुनेला एक क्षणही न मिळणारा एकांत, हे सर्व बायकांनी भोगले आहे. मुंबईत १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोली १६० चौरस फुटांची होती. पुनर्विकासानंतर त्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरे मिळू लागली. वरळीतील पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्ये देण्यात आल्या. चार पिढ्या एका खोलीत काढलेल्या गृहिणीने स्वतःच्या न्हाणीघराची कडी लावून घेतली असेल, तेव्हा तिला काय वाटले असेल, हे मी समजू शकते. कडी लावण्याचा हक्क मोठा आहे. तो मिळाल्यानंतर दार उघडे ठेवण्याची सोयही आपल्याजवळ राहते की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

हा प्रश्न किती निकडीचा होऊ शकतो, हे मी एका कुटुंबाच्या निमित्ताने पाहिले. चंदीगडच्या एका जुन्या सेक्टरात त्यांची एक कनालाची कोठी होती. वडिलांनी ती साठीच्या दशकात बांधलेली. ते वारल्यावर घर आई आणि तीन मुलगे यांच्या नावावर आले. एक मुलगा कॅनडात, एक लुधियानात आणि एक आईजवळ. प्रत्येकाला आपला वाटा मोकळा हवा होता. एकेक मजला वेगवेगळ्या गिऱ्हाइकाला द्यावा, असा त्यांचा बेत होता. परंतु १० जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चंदीगडच्या पहिल्या टप्प्यातील, म्हणजे सेक्टर १ ते ३० मधील, एकेका कुटुंबासाठी योजलेल्या घरांचे तुकडे पाडून त्यांच्या सदनिका करण्यास मनाई केली. शहराचे मूळ रूप राखणे हा त्यामागचा विचार. निकाल देणाऱ्या खंडपीठावर न्या. बी. व्ही. नागरत्ना यांच्यासमवेत आपल्या अमरावतीचे न्या. भूषण गवई होते, जे पुढे २०२५ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. निकालानंतर या कुटुंबापुढे दोनच मार्ग राहिले. घर अखंड ठेवावयाचे किंवा अखंड विकावयाचे.

त्यांनी विकण्याचे ठरविले आणि आईसाठी व तिच्याजवळच्या मुलासाठी नवे घर पाहण्यास ते माझ्याकडे आले. आई ऐंशीच्या पुढच्या. सगळे त्यांना 'बीजी' म्हणत, मीही म्हणू लागले. मुलांनी मला उद्वाहनाविषयी, फरशीविषयी आणि मोटारींच्या जागेविषयी विचारले. बीजी कोठल्याच खोलीत शिरल्या नाहीत. फाटकातच उभ्या राहून त्यांनी विचारले, "पुत्तर, थंडीत येथे ऊन कोठवर येते?" मी जागा दाखविली. मग त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंची बंद फाटके पाहिली आणि शांतपणे म्हणाल्या, "आमच्या गल्लीत सकाळी आठपर्यंत माझा पडदा सरकला नाही, तर समोरची येऊन दार वाजविते. येथे मी मेले तर कोणाला आणि कधी कळेल?"

मुले ओशाळली. धाकट्याने घाईने सांगितले की, प्रत्येक खोलीत कॅमेरा बसवू, कॅनडातही दिसेल. बीजी काही बोलल्या नाहीत. मलाही त्यांच्या प्रश्नाला क्षेत्रफळाच्या भाषेत उत्तर देता येण्यासारखे नव्हते. त्यानंतरच्या महिन्यात आम्ही नऊ घरे पाहिली. अखेरीस अडीचशे वारांचे एक साधे घर त्यांनी पसंत केले. त्याला उंच दिवाणखाना नव्हता, परंतु समोर बाग होती आणि हिवाळ्यातले ऊन दुपारपर्यंत पुढच्या पायरीवर राहत होते. कोपऱ्यावरच्या झाडाखाली एक इस्त्रीवाला आपले टेबल मांडून बसत असे. बीजींनी एकच अट घातली. पत्र्याचे भरीव फाटक काढून गजांचे बसवावयाचे. मुलांना ते कमी प्रतिष्ठेचे वाटले, पण त्यांनी ऐकले.

पहिले काही महिने कोणी आले नाही. बीजी सकाळी फाटकाच्या आत खुर्ची टाकून वाटाणे सोलीत बसत. गजांतून दिसणाऱ्या माणसाला नमस्कार न करता पुढे जाणे अवघड असते, हे हळूहळू साऱ्या गल्लीला कळले. जूनमध्ये गुरू अर्जनदेव यांच्या हौतात्म्यदिनी पंजाबात रस्तोरस्ती 'छबील' लागते. येणाऱ्याजाणाऱ्याला गुलाबी, गोड, थंड पाणी पाजतात. त्या वर्षी बीजींनी साखर दिली आणि गल्लीतल्या मुलांनी त्यांच्याच फाटकापुढे टेबल मांडले. जानेवारीत लोहडीचा विस्तव बागेत पेटला, तेव्हा रेवड्यांचे ताट त्यांच्या घरून गेले. मीही गणपतीत त्यांना उकडीचे मोदक नेऊन दिले. ते कशाचे आणि कसे करतात, हे त्यांनी अर्धा तास विचारून घेतले.

दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी मुलगा कामावर गेल्यानंतर बीजी न्हाणीघरात पडल्या. उठता येईना, हाक बाहेर पोहोचेना. दहा वाजून गेले तरी उन्हात खुर्ची दिसत नाही, हे इस्त्रीवाल्याच्या लक्षात आले. त्याने शेजारच्या घरी सांगितले. शेजारणीजवळ किल्ली ठेवलेली होती. खुब्याचे हाड मोडले होते, पण त्याच दिवशी उपचार मिळाले. आज बीजी वॉकर घेऊन पायरीपर्यंत येतात. कॅमेऱ्याविषयी मी काही वाईट बोलत नाही. तो दिवाणखान्यात होता आणि नीट चालू होता.

तेव्हापासून घर पाहावयास येणाऱ्या कुटुंबांना मी काही गोष्टी आवर्जून सांगते. घर एकदाच पाहू नये. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास असे तीन वेळा पाहावे. संध्याकाळी गल्लीत मुले खेळताना दिसतात की नुसत्या मोटारी, हे नजरेस येते. घरातल्या सर्वांत वृद्ध आणि सर्वांत लहान माणसाला बरोबर न्यावे, कारण दिवसाचा अधिकांश वेळ घरात तेच घालविणार असतात. थंडीत ऊन आणि उन्हाळ्यात वारा कोठून येतो ते पाहावे. समोरचे फाटक भरीव आहे की जाळीचे, बागेतला बाक मोडका आहे की वापरातला, याकडे लक्ष द्यावे. दूधवाला, इस्त्रीवाला, वाणी यांच्याशी दोन शब्द बोलावे. गल्लीविषयी ही मंडळी जे सांगतात, ते कोणत्याही एजंटाला सांगता येत नाही.

कागदपत्रांत मात्र कुचराई करू नये. विकणाऱ्याचे नाव, सर्व वारसांची संमती, घरावर कर्ज आहे किंवा काय, मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम यांचा मेळ, हे वकिलाकडून तपासून घ्यावे. नोंदणीकृत प्रकल्पातील घर असेल तर प्रकल्पाचा आणि एजंटाचा नोंदणी क्रमांक मागून घेण्याचा हक्क कायद्याने तुम्हांला दिला आहे. तो मागताना संकोच वाटण्याचे काही कारण नाही. सरळ व्यवहार करणारा एजंट तो आनंदाने देतो.

आणि घर घेतल्यानंतर थोडे काम आपलेही असते. शेजार विकत मिळत नाही आणि जुन्या वस्तीतून उचलून नवीन वस्तीत आणताही येत नाही. तो नव्यानेच जमवावा लागतो. त्यासाठी फार काही लागते असे नाही. फाटकाला गज असावेत, पायरीवर दोन माणसांना बसण्यापुरती जागा असावी, एक किल्ली शेजारी ठेवलेली असावी आणि सणाच्या दिवशी एक ताट पलीकडे जावे. एअरोसिटीत आज पुष्कळ भूखंड मोकळे आहेत आणि पुष्कळ घरे अद्याप नकाशावरच आहेत. ती बांधणाऱ्यांपैकी काही जणांनी जरी दर्शनी भिंत दोन हात खाली घेतली, तरी येथल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांची खुर्ची उन्हात येईल आणि ती रस्त्यावरून दिसेल.